टॅकोमा की ग्लॅडिएटर: निनादला पत्र

डेन्व्हर, कोलोराडो
१४ मार्च

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये इथे रुजू झालास की पिकअपच घ्यायची, आणि तीही टोयोटा टॅकोमा किंवा जीप ग्लॅडिएटर, इथवर तू येऊन पोचलायस. फोनवर सांगितलं तर निम्मं हवेत जाईल, म्हणून लिहितो. दादाला आधी समजावून सांग, इथे ट्रक म्हणजे सहा चाकी मालवाहू गाडी नव्हे. चार दारांची केबिन आणि मागे पाच फुटी हौदा, एवढाच त्याचा अर्थ.

तुझ्या डोक्यात रोजचं ऑफिस, हिवाळ्यातला बर्फ आणि महिन्यातून एखाददुसरी डोंगरवाट असेल, तर टॅकोमा घे. टीआरडी ऑफ-रोड ट्रिम (कच्च्या वाटांसाठी कंपनीने सजवलेला प्रकार), २.४ लिटरचं साधं टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक. हायब्रिडच्या वाटेला जाऊ नकोस. ताकद जास्त आहे (३२६ हॉर्सपॉवर, साध्याची २७८), पण तिची बॅटरी मागच्या सीटखालची सामानाची जागा खाते, आणि तुझ्या वापराला ती ताकद लागणारही नाही. ग्लॅडिएटर रुबिकॉन (तिचा खास खडकांसाठीचा ट्रिम) तेव्हाच घे, जेव्हा युटातल्या मोआबच्या खडकांवर चढणं हाच मुख्य बेत असेल, किंवा छप्पर आणि दारं काढून फिरण्याची हौस फिटवायची असेल. ती हौस खोटी आहे असं मी म्हणत नाही. फक्त तिची किंमत रोज हायवेवर मोजावी लागते.

ती कशी, ते बघ. दोन्ही गाड्यांतला खरा फरक पुढच्या चाकांच्या जोडणीत आहे. ग्लॅडिएटरला पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल आहे. एक चाक खडकावर चढलं की त्याच दांड्याचं दुसरं टोक खाली दाबलं जातं, त्यामुळे चारही टायर जमीन सोडत नाहीत. रुबिकॉनमध्ये बटण दाबून पुढचा स्वे-बार (वळताना गाडी कलू न देणारा दांडा) सुटा करता येतो, मग चाकं आणखी मोकळी हलतात. टॅकोमाची पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र. खडकात तिचं एक चाक लवकर हवेत लटकतं, पण ताशी सत्तर मैलांवर ती सरळ रेषेत चालते आणि स्टिअरिंग बोटांवर धरता येतं. ग्लॅडिएटरचं स्टिअरिंग त्या वेगाला जरा सैल लागतं. वारा आडवा आला की सतत बारीक बारीक सावरत राहावं लागतं. तासभर ठीक, पाच तासांनी खांदे बोलायला लागतात.

अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांचा एक आजार माहीत असू दे. पन्नास-साठ मैलांच्या वेगात खड्डा किंवा पुलाचा सांधा लागतो आणि पुढचा भाग एकदम थडथडायला लागतो. स्टिअरिंग हातात राहत नाही. याला इथे 'डेथ वॉबल' म्हणतात. घाबरून जोरात ब्रेक मारायचा नाही, ओढाओढ करायची नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग घट्ट पण शांत धरायचं आणि वेग हळूहळू उतरू द्यायचा. कारण बहुतेक वेळा ट्रॅक बार असतो, म्हणजे अ‍ॅक्सलला डाव्या-उजव्या बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा. त्याचे बोल्ट सैल पडतात किंवा बुश झिजतात. नाहीतर बॉल जॉइंट, टाय-रॉडची टोकं किंवा बॅलन्स बिघडलेले टायर. वर्कशॉपवाला नुसता स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारी नळी) बदलायला निघाला तर थांबव. त्याने थरथर दबते, रोग जात नाही. तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकं जमिनीवर, इंजिन चालू. एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने बाजूला वाकून ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांवर टॉर्च धरायचा. दांडा आणि ब्रॅकेट एकत्र हलले पाहिजेत. बोल्टाभोवती केसभर जरी खेळ दिसला तरी तिथेच गडबड.

टॅकोमाचा नाजूक भाग म्हणजे पुढच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे वळत्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्यांची, रबरी बुटं. ती फाटली की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फेकलं जातं, धूळ आत जाते आणि मग वळताना टकटक आवाज येतो. गाडी उंच करून घेण्याचा मोह होईल. दोन-अडीच इंचांच्या वर गेलास तर सीव्हीचा कोन वाढतो, बुटं लवकर जातात, वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात आणि अलाइनमेंट जुळता जुळत नाही. माझं ऐकशील तर पहिलं वर्षभर काहीही उंच करू नकोस.

आता उंचीचा हिशेब. पुण्या-मुंबईत याचा विचार करावा लागत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते. ग्लॅडिएटरचं ३.६ लिटर व्ही-सिक्स कागदावर २८५ हॉर्सपॉवरचं, पण त्याला टर्बो नाही. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे इथेच ते २४०वर येतं. आय-७० हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या पुढे, तिथे ते १९०च्या आसपास उरतं. चढावर मालट्रकांच्या रांगेतून बाहेर पडायचं असेल तेव्हा गिअर दोन पायऱ्या उतरतो, इंजिन किंचाळतं आणि गाडी तरी जेमतेम. टॅकोमाचा टर्बो विरळ हवा दाबून आत भरतो, त्यामुळे तिची घट बरीच कमी. समुद्रसपाटीवरच्या तुलना वाचून ठरवू नकोस म्हणतो ते यासाठीच.

पेट्रोल भरतानाही उंची मध्ये येते. कोलोराडोत पंपावर 'रेग्युलर' म्हणजे ८५ ऑक्टेन असतं. दोन्ही गाड्यांना किमान ८७ लागतं. टर्बोत तर स्वस्ताचं भरूच नकोस, दाबाखाली नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल वेळेआधीच पेटतं, आणि इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं. पंपावरचं मधलं, ८७चं बटण दाबायची सवय लाव. मायलेजमध्ये टॅकोमा गॅलनला दोन-तीन मैलांनी पुढे. मात्र तिची टाकी १८.२ गॅलनची आणि ग्लॅडिएटरची २२ची, त्यामुळे एका टाकीत पल्ला जवळपास सारखाच पडतो.

जाहिरातीत टोइंगचे (ट्रेलर ओढण्याचे) मोठे आकडे असतात (टॅकोमा ६,५०० पौंडांपर्यंत, ग्लॅडिएटर योग्य ट्रिममध्ये ७,७००). ते बाजूला ठेव. तुला लागणारा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो: माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पौंड. पेट्रोलची भरलेली टाकी त्यात आधीच धरलेली असते, बाकी सगळं तुझ्या खात्यात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर हा आकडा वेगळा निघतो, कारण सनरूफ, जड बंपर, मोठी चाकं हे सगळं त्यातून वजा होतं. समज, स्टिकरवर १,१५० आहे. चार मोठी माणसं ६४०. हौद्यावरचं फायबरचं टप १८०. त्यावरचा तंबू १४०. फ्रिज आणि बॅटरी ८०. दहा गॅलन पाणी ८३. झाले १,१२३, आणि अजून शेगडी, अवजारं, जादा टायर, कोणाचीच बॅग गाडीत आलेली नाही. वर ट्रेलर लावलास तर त्याच्या वजनाचे दहा ते पंधरा टक्के हुकवर येतात, तेही यातूनच जातात. जास्त भरलं की मागून बसलेली गाडी, वर बघणारे हेडलाइट आणि उतारावर तापलेले ब्रेक, असं एकामागून एक येतं.

उताराचं तुला सांगायला नको, घाटातला नियम तोच: ज्या गिअरमध्ये चढतो त्यातच उतरायचं. पाइक्स पीकवर तर उतरताना रेंजर गाडी थांबवून ब्रेक किती तापलेत ते मोजतात.

वाटांचं म्हणशील तर लेक सिटी, सिल्व्हर्टन आणि युरे यांना जोडणारा अल्पाइन लूप, त्यावरच्या सिनॅमन आणि एंजिनिअर या खिंडी, किंवा १३,११४ फुटांची इमोजीन खिंड, ही सगळी कोरड्या हवेत टॅकोमा कंपनीतून आली तशीच पार करते. मोआबजवळची शंभर मैलांची व्हाइट रिम वाटही (तिला नॅशनल पार्कचं परमिट लागतं). रुबिकॉनचं वर्चस्व सुरू होतं ते पायऱ्यांसारख्या खडकांवर. पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर (डावं-उजवं चाक एकत्रच फिरवणारं कुलूप), कारखान्यातूनच ३३ इंची टायर, लो रेंजला (हळू पण जोरात चालवणाऱ्या गिअरला) ४:१, आणि पहिला गिअर व अ‍ॅक्सल यांच्या गुणोत्तरांशी गुणलं की ऑटोमॅटिकमध्ये ७७.२:१. माणूस चालतो त्यापेक्षा हळू ती खडक चढते, ब्रेकला पाय न लावता. टॅकोमाला मागचाच लॉकर आणि लो रेंज २.५७ची, उरलेलं काम क्रॉल कंट्रोल ही आपोआप वेग सांभाळणारी यंत्रणा चाकागणिक ब्रेक मारून करते. आवाज भीतिदायक येतो, त्याचं काही नाही.

पण ग्लॅडिएटरचीही एक दुखरी जागा आहे. तोंड मस्त, अप्रोच अँगल (नाक न टेकता किती खडा चढ गाठता येतो तो कोन) ४३.४ अंश. चाकांमधलं अंतर मात्र १३७.३ इंच, त्यामुळे ब्रेकओव्हर, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन, जेमतेम २०.३. पुढची चाकं उंचवट्यावरून उतरली की पोट टेकतं. पोटाखाली पत्रे आणि बाजूला लोखंडी रेल दिलेत ते उगीच नाही. शहरात हीच लांबी पार्किंगमध्ये नडते: २१८ इंच, टॅकोमा २१३.

दोन्हींची फोर बाय फोर मुळात पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती लावायची. कोरड्या डांबरावर फोर-हाय (नेहमीच्या वेगाची फोर बाय फोर) लावून वळू नकोस. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक सामावणारं डिफरेन्शियल मध्ये नाही, सगळा पीळ ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. लो लावताना टॅकोमा पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये घ्यायची. जीपचा लिव्हर उलट ताशी दोन-तीन मैल सरकत असताना, न्यूट्रलमध्ये, सहज पडतो. उभ्या गाडीत दात जुळत नाहीत आणि लोक लिव्हरशी कुस्ती खेळत बसतात. पुढचा लॉकर लावला की गाडी वळायला नकार देते, तेव्हा सरळ चढापुरताच. आणि महिन्यातून दहा-एक मैल ओल्या किंवा कच्च्या रस्त्यावर फोर बाय फोर चालव, म्हणजे आतल्या भागांना तेल लागतं.

लॉकर, गिअर याहून जास्त फरक पडतो हवेच्या दाबाने. हायवेवर स्टिकरवरचा दाब, खडीच्या रस्त्याला २५ पीएसआय, वाळू आणि खडकांवर १५ ते १८. बाराच्या खाली गेलास तर वळताना टायर रिममधून निघतो. बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडायचा घे; सिगारेट सॉकेटवरच्याचा फ्यूज उडतो. हवा भरल्याशिवाय हायवेला लागू नकोस. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

हिवाळ्याचा कायदा: १ सप्टेंबर ते ३१ मे, आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन. फोर बाय फोर गाडीलाही टायरवर किमान ३/१६ इंच नक्षी हवी. खडकांसाठीचे मड टायर बर्फाळ डांबरावर घसरतात, दिसायला कितीही दणकट असोत. डोंगर-हिमकणाची (बर्फाला चालणाऱ्या टायरची) खूण असलेले ऑल-टेरेन घे आणि विषय संपव.

इथे रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, ते चेसिस खातं. बर्फ पडून गेला की खालून पाण्याचा फवारा, आणि दर शरद ऋतूत चेसिसच्या आत-बाहेर लॅनोलिनचं तेल. रबरी अंडरकोटिंग नको; ते सुटतं, मागे पाणी अडतं आणि गंज आतून वाढतो. वापरलेली घ्यायची तर मागच्या चाकांपाशी चेसिसवर हातोडीने हलके ठोकून बघ. टणटण वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला तर ती सोडून दुसरी बघ.

वापरलेल्या ग्लॅडिएटरमध्ये आणखी दोन गोष्टी: इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या मधल्या खाचेत तेल साचलंय का (ऑइल फिल्टरचं प्लॅस्टिकचं हाउसिंग गळतं), आणि थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक राहते का (रॉकर आणि लिफ्टर झिजल्याची ती खूण). टॅकोमाची ही पिढी २०२४ पासूनची. पहिल्या वर्षाची घेतलीस तर गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर टाकून रिकॉल (कंपनीने परत बोलावून करायच्या दुरुस्त्या) पूर्ण झालेत का ते बघ, पैसे लागत नाहीत. मॅन्युअलमध्ये तेल बदलायचं अंतर १०,००० मैलांचं असलं तरी धूळ आणि चढ यांना ५,०००चा हिशेब लावतात. टर्बोला तोच पाळ.

चालवून बघताना डीलर गल्लीतून फिरवून आणेल, त्यावर समाधान मानू नकोस. हायवेवर ने, सत्तरला रेडिओ बंद करून दोन मिनिटं आवाज ऐक. मग मागच्या सीटवर स्वतः बसून बघ. आई-बाबा आले की तिथेच बसणार आहेत.

डीलरकडे गेलास की सर्वांत आधी दाराच्या चौकटीवरच्या त्या स्टिकरचा फोटो काढ आणि मला पाठव. मग बाकीचं बोलू.

दादा-वहिनींना नमस्कार, आजीला साष्टांग.

तुझा,
काका