काका, बुधवारी आम्ही खरंच काही केलं नाही

कोर्ट नाक्याजवळच्या झेरॉक्सवाल्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला काका म्हणते खरी, पण तुम्ही माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठे असाल. झेरॉक्सवाला, इस्त्रीवाला आणि रिक्षावाला यांना वय नसतं, ते काकाच. आमच्या श्रीलंकेच्या प्रवासाची आखणी तुम्ही करून दिलीत, त्याचे तोंडावर आभार मानायला मी दोनदा दुकानात आले आणि दोन्ही वेळा तुम्ही "पुढं कोण?" म्हणत माझ्या मागच्याच्या हातातला कागद ओढून घेतलात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. आता तुमचा मुलगाच तुम्हाला वाचून दाखवेल.

ज्यांनी काही केलं नाही त्यांचं आधी सांगते. मनात अजून सलतंय, आणि त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायचंही नाही.

माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रात्री दोनला आणि पहाटे पाचला कूस बदलायची, म्हणून मोबाइलमध्ये दोन गजर. दोनचा ह्यांचा, पाचचा माझा. "स्वतःकडेही लक्ष द्या हो," असं सांगणारे सतरा जण भेटले. "शनिवारी रात्री मी येऊन बसतो, तुम्ही झोपा," म्हणणारा एकही नाही. सासूबाई गेल्या. गजर आम्ही दिवसकार्य झाल्यावर बंद केला, ह्यांची जाग मात्र बंद झाली नाही. रात्रीचे दोन वाजले की हा माणूस पलंगावर उठून बसायचा. पुन्हा झोप लागते न लागते तोच आमच्या कासारवडवलीत मेट्रोच्या कामाची घरघर आणि घोडबंदर रोडचे ट्रक. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, कुठंतरी शांत जागी जाऊन या. बँकेतून निवृत्त होताना ह्यांनी पासपोर्ट काढून ठेवला होता. तो कोरा पडलेला. म्हटलं, चला, जन्मात एकदा परदेशही होईल.

पहिल्या टूरवाल्यांच्या एसी ऑफिसात आम्ही सांगितलं की आम्हाला खेड्यासारखी शांत जागा हवी आहे, खर्च बेताचा. तिथली मुलगी प्रेमळ होती, पण तिच्या कॉम्प्युटरमध्ये 'शांत' असा पर्यायच नसावा. तिनं आम्हाला 'कपल पॅकेज' दिलं. श्रीलंका, सहा रात्री, नऊ ठिकाणं, एक लाख चौऱ्याऐंशी हजार. त्यात मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण आणि पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या. ह्यांचं वय एकसष्ट, माझं सत्तावन्न. पाकळ्या झाडून कोण काढणार, एवढंच माझ्या मनात आलं. मी विचारलं, एकाच गावात सगळे दिवस राहता येईल का? तर म्हणाली, "मॅडम, पण तिथं करण्यासारखं काही नाही." अगं बाई, तेच तर हवंय!

दुसऱ्यानं पाच हजार आगाऊ घेतले आणि त्यानंतर फक्त सुप्रभातचे मेसेज पाठवले. भाच्यानं एक भलामोठा एक्सेल तक्ता धाडला. शेजारच्यांनी तोंड वाकडं केलं, "श्रीलंका? तो काय परदेश झाला? आणि तिथं तर पेट्रोलसुद्धा मिळत नाही." ती २०२२ सालची बातमी होती. आम्ही निघालो होतो २०२४ च्या मार्चमध्ये.

तर अशी ती नऊ ठिकाणांची यादी छापायला आम्ही तुमच्याकडे आलो. तळहाताएवढं दुकान, दोन मशिनी, मागं देवाच्या फोटोला कालची शेवंती. कागद बाहेर येत होते आणि तुम्ही ते वाचत होतात. मला रागच आला होता, खरं सांगते. दुसऱ्या पानावर तुम्ही मशीन थांबवलंत आणि म्हणालात, "वहिनी, माफ करा, पण एक विचारतो. तुम्हा दोघांत झोप कुणाची गेलीय?"

काका, महिनाभरात आम्हाला शंभर प्रश्न विचारले गेले होते. बजेट किती, किती जण, व्हेज की नॉनव्हेज, थ्री स्टार की फोर स्टार. झोपेचं कुणी विचारलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं आणि मला बोलताच येईना.

मग कळलं की तुम्ही कोलंबोजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात सहा वर्षं मशीन दुरुस्तीला होतात आणि सुट्टी मिळाली की रेल्वेनं डोंगरात जायचात. तुम्ही लाल पेन काढलंत आणि नऊपैकी सात ठिकाणं कापलीत. सिगिरिया कापलं, "बाराशे पायऱ्या आहेत, गुडघे कुणाचे?" एल्ला कापलं, "सुंदर आहे, पण ते तिथलं लोणावळा झालंय. १९२१ चा नऊ कमानींचा पूल आहे, त्यावर आता गाडीपेक्षा फोटो काढणारेच जास्त." आणि एल्लाच्या अलीकडे, आमच्या यादीत नसलेलं एक नाव लिहिलंत. हपुतळे.

नंतरच्या तीन संध्याकाळी अर्ध शटर खाली ओढून तुम्ही काय काय केलंत, त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. भारतीयांना व्हिसा त्या ३१ मार्चपर्यंत फुकट होता, अर्ज तेवढा ऑनलाइन भरायचा होता. तो तुम्हीच भरलात, आणि मोडक्यातोडक्या सिंहलीत कुणाकुणाला फोनही केलेत. विमानतळाजवळ नेगोंबोत एक रात्र, मग कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून सकाळची 'उडरट मेनिके' ही डोंगरात जाणारी गाडी, हपुतळेला पाच रात्री, आणि परत. पण एका फोनबद्दल लिहायलाच हवं. घरमालकिणीनं दरीकडची, रस्त्यावरची खोली देऊ केली होती. तुम्ही म्हणालात, नको, मागची द्या. फोनवर हात ठेवून आम्हाला म्हणालात, "पुढच्या खोलीतून दरी दिसते, पण पहाटे रिक्षा सुरू होतात. दरी काय, पायऱ्या उतरून बघता येईल. झोप पायऱ्या उतरून सापडत नाही."

शेवटी तुम्ही सगळं एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलंत. मागं कुणाचा तरी फसलेला सातबारा होता, निम्मा काळा छापलेला. पुढं तुमचं बारीक, तिरकं अक्षर. सोमवारी हे, मंगळवारी ते. आणि मग:

'बुधवार – काही नाही. (जाग आली तरी उठू नका.)'

पैसे विचारले तर म्हणालात, सात पानं, चौदा रुपये. वीसची नोट दिली तर सहा रुपये मोजून परत केलेत.

हा कागद आमच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी आहे. रिकामा दिवस कुणीतरी लिहून द्यावा लागतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आपल्या हातानं तो रिकामा ठेवायचा म्हटलं तर वाटतं की विमानाचं तिकीट वाया चाललंय, काहीतरी बघून घ्यावं. पण तुम्ही काही नाही असं लिहिलं होतं, तारखेसकट, आणि आम्ही आज्ञाधारक माणसं.

आता तिकडचं सांगते. गाडी मला आपलीच वाटली. ठाण्यात जन्म गेला, १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याच स्टेशनात आली म्हणून कौतुक करत आलो. तिथलीही ब्रॉडगेज, आपल्याच मापाची. फक्त ती घाईत नसते. आठ तासांहून जास्त लागले. पट्टीपोला हे तिथलं सर्वांत उंचावरचं स्टेशन, १,८९१ मीटर. तिथं खिडकीतून ढग आत आला आणि ह्यांनी माझ्या पिशवीतून स्वतःहून स्वेटर काढला. चार वर्षांत ह्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं की काढून घेतलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

हपुतळे म्हणजे डोंगराच्या धारेवर बसवलेलं गाव. दोन्ही बाजूंना उतार आणि उतारभर चहा. घरमालकीण तमिळ, तिला इंग्रजी बेताचं, आम्हाला तमिळ मुळीच नाही. तुम्ही सिंहली-तमिळमध्ये लिहिलेली 'मासे नकोत, सुक्या माशाचा चुराही नको' ही चिठ्ठी तिनं स्वयंपाकघरात चिकटवली. नाहीतर त्या खोबऱ्याच्या लालबुंद संबोलात, म्हणजे चटणीत, उंबलकड म्हणजे तोच सुका मासा असतो, हे मला कुठून कळायचं? नारळाच्या दुधातलं मसुराचं वरण, फणसाची भाजी, भात. हे म्हणाले, हे तर कोकणात आल्यासारखंच.

मंगळवारी आम्ही लिप्टन सीट ह्या डोंगरावरच्या जागी दरी बघायला जाऊन आलो, तुम्ही बजावल्याप्रमाणे भल्या पहाटे, कारण नऊनंतर ढग येऊन सगळं पुसून टाकतात. खाली डंबटेनेचा १८९० चा चहाचा कारखाना. वाटेत पाठीला पोती लावून पानं खुडणाऱ्या बायका. त्यांची दिवसाची मजुरी तेव्हा हजार रुपये होती, तिथले हजार, म्हणजे आपले पावणेतीनशेच्या आसपास. आमची खोली रात्रीला नाश्त्यासकट तिथल्याच साडेसहा हजारांची. स्वस्त, स्वस्त म्हणून आम्ही खूश होतो, ती साडेसहा दिवसांची खुडणी होती. त्यांच्यातल्या एकीनं मला हात केला. मीही केला. त्यापलीकडे काय करावं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

आणि बुधवार.

पहाटे मला जाग आली तेव्हा सव्वापाच झाले होते. शेजारी हे हलत नव्हते. काका, मी त्यांच्या नाकाशी बोट धरलं. सासूबाईंच्या वेळची सवय. श्वास चालू होता, खोल, लांब. दोनला ते उठलेच नव्हते. मग मी भिंतीला टेकून नुसती ऐकत राहिले. छपरावरून धुक्याचं पाणी ठिबकत होतं, लांब कुठंतरी कोंबडा. सातला मालकीण चहाचा ट्रे घेऊन आली, दार किलकिलं करून तिनं बघितलं आणि चवड्यांवर परत गेली. पावणेआठला पुन्हा आली, पुन्हा गेली. तिला कुणी काही सांगितलं होतं का? तुम्ही सांगितलं होतंत का? हे सव्वानऊला उठले आणि घड्याळ बघून चक्क ओशाळले. "अगं, वेळ बदलते का इथं?" बदलत नाही, तिथलं आणि आपलं घड्याळ एकच.

दिवसभर आम्ही काही केलं नाही. मागच्या अंगणात दोन खुर्च्या होत्या. दुपारी गाडीची शिट्टी आली, हे म्हणाले, लेट आहे. बस.

एक मात्र तुमच्या हिशेबातून निसटलं, तेही लिहिते. शुक्रवारी, ८ मार्चला, महाशिवरात्र होती. जवळच्या कोविलात, म्हणजे तमिळ देवळात, रात्रभर कर्णा! एकला मालकीण नवी साडी नेसून दारात उभी, चला म्हणून खुणावतेय. आम्ही स्वेटर चढवले आणि गेलो. ह्यांनी आपल्या ठाण्याच्या कोपिनेश्वराला घालतात तसाच तिथं नमस्कार घातला. दोन वाजले तेव्हा आम्ही जागे होतो, पण रांगेत, प्रसादाला.

सगळा खर्च विमानासकट पंचाहत्तर हजारांच्या आत बसला. पण पैसे वाचवले म्हणून मी हे पत्र लिहीत नाहीये. गावदेवी मार्केटात माझी एक भाजीवाली आहे, ती म्हणते, "ताई, आज मेथी नको नेऊ, उद्या कोवळी येतेय." आमचा शिंपी म्हणतो, हा ब्लाउज उसवून होईल, नवा कशाला? आपलं नुकसान करून समोरच्याला 'हे घेऊ नका' म्हणणारी ही माणसं ठाण्यात आहेत अजून. काचेच्या दाराच्या ऑफिसांत ती फारशी दिसत नाहीत, आणि ह्यात थोडा माझा राग बोलतोय, हे कबूल.

सिंहलीत आभाराला 'इस्तुती' म्हणतात, तुम्हीच शिकवलंत. म्हणजे तिकडे हे स्तुतिपत्रच झालं असतं. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. डंबटेनेच्या चहाचा पुडा दिला तेव्हा तुम्ही म्हणालात, "वहिनी, ॲसिडिटीमुळे मी चहा सोडलाय." आणि तो शेजारच्या स्टॅम्पव्हेंडरला देऊन टाकलात. ठीक आहे.

हे परत आल्यावर पूर्ण बरे झाले असं नाही. आठवड्यातून एखाद-दोन वेळा अजून दोनला उठतात. पण आता पाणी पिऊन परत आडवे होतात.

आणखी एक काम आहे. वाशीला माझी धाकटी बहीण असते, तिच्या घरी गेली तीन वर्षं आजारपण होतं. ती आणि मेहुणे कुठंतरी जायचं म्हणताहेत, आणि तिनं कालच मला सोळा ठिकाणांची यादी पाठवली आहे. येत्या बुधवारी दुपारी दुकानात गर्दी नसेल तर दोघांना घेऊन येते. लाल पेन काढून ठेवा.

आपली,
चौदा रुपयेवाली वहिनी