‘छोटी सी बात’वरून उठून गेले त्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

रविवारी सिनेमा अर्धा टाकून मी आत गेले, तेव्हापासून तुम्ही दोघं फोनवर जपून जपून बोलताय. सिनेमा आवडेनासा झाला असं समजू नका. तापात बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून तो किती वेळा पाहिलाय मी!

काल एकटीने पुन्हा लावला. १९७६ चा, पण अमोल पालेकरची ती अवघडलेली मान, विद्या सिन्हाच्या साड्या, सलील चौधरींची गाणी अजून टवटवीत आहेत. असरानीचा तर आजही तेवढाच राग येतो. फक्त पालेकरचा अरुण बसस्टॉपपासून प्रभाच्या, म्हणजे विद्या सिन्हाच्या, ऑफिसपर्यंत मागेमागे चालायला लागला की आता पोटात गोळा येतो. मुलीचं मन कसं जिंकायचं हे त्याला शिकवणाऱ्या खंडाळ्याच्या कर्नलचे डावपेचही पूर्वीइतके निरागस वाटत नाहीत. तरी सिनेमा तरतो, कारण प्रभालाही अरुण आवडतोय हे आपल्याला दिसत असतं. खऱ्या आयुष्यात ते असं दिसत नाही, विचारावं लागतं. आणि उत्तर ऐकावं लागतं.

म्हणून सांगते, त्या स्थळाला मी परवाच कायमचा नकार कळवला. मुलगा शिकलेला आहे, घर चांगलं आहे, सगळं मान्य. पण दोनदा नको म्हटल्यावरही तो तीन दिवस ऑफिसच्या गेटपाशी उभा होता. मी मागच्या दाराने बाहेर पडत होते. आई, तुला हे सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ‘अगदी अमोल पालेकर गं!’ म्हणालीस यात तुझी काही चूक नाही. आता तो येत नाही. शिवाय घरी येताना मैत्रीण सोबत असते, जेवण वेळेवर होतं, झोपही लागते.

बाबा, तुमच्या बसस्टॉपबद्दल मी काही म्हणत नाहीये हं. तुमच्यासाठी आईनेच तीन बस सोडल्या होत्या, मावशीने सांगितलंय मला.

त्या लोकांना फोन करून माफी मागत बसू नका. बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना उतरायचा नाही. टीव्हीसाठी छोटा स्पीकर पाठवलाय, बाबा, तो उघडून बघायचा नाही!

पुढच्या महिन्यात येते. राहिलेला अर्धा बघू. मधेमधे मी बोलणार, पण उठून जाणार नाही.

तुमची,
चिऊ