गुलाबी त्रिकोण हे प्रेमाचे प्रतीक नव्हे

मा. संपादक,
सादर नमस्कार.

कालच्या पुरवणीत प्राइडच्या, म्हणजे समलैंगिक, ट्रान्सजेंडर अशा समुदायाच्या अभिमान-चळवळीच्या चिन्हांवर जो लेख आला आहे, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटले, आपलीच वाचण्यात काही गफलत झाली. पण नाही. ‘गुलाबी हा कोमल भावनांचा रंग, म्हणून या समुदायाने प्रेमाचे प्रतीक म्हणून गुलाबी त्रिकोण निवडला’ असेच तिथे छापले आहे.

निवडला कोणी? दाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सनहाउझेन इथल्या छळछावण्यांत नाझींनी तो कैद्यांच्या कपड्यांवर शिवायला लावला. राजकीय कैद्याला लाल, सराईत गुन्हेगाराला हिरवा, ‘समाजविघातक’ ठरवलेल्याला काळा आणि समलैंगिक म्हणून पकडलेल्या पुरुषाला गुलाबी. टोक खाली. अशा ५,००० ते १५,००० पुरुषांना छावण्यांत डांबले होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. त्यांच्या छातीवरच्या खुणेला ‘कोमल भावनांचा रंग’ म्हणताना लेखकाने निदान एखादा विश्वकोश तरी उघडायला हवा होता.

मला हे सगळे प्रथम धाकट्या भावाने सांगितले. त्याच्याकडे एक पत्र्याचा छोटासा बॅज होता, अंगठ्याच्या नखाएवढा, गुलाबी त्रिकोणाचा. ‘हे काय मुलींसारखं लावून फिरतोस?’ असे मी त्याला विचारले होते. तो चिडला नाही. बॅज काढून त्याने माझ्या तळहातावर उलटा ठेवला आणि म्हणाला, ‘ताई, छावणीत याचं टोक असं खाली असायचं. आम्ही ते वर केलं.’ मग त्याने १९८७ सालच्या न्यूयॉर्कमधल्या त्या पोस्टरबद्दल सांगितले. एड्सने माणसे मरत होती आणि सरकार गप्प होते, तेव्हा सहा मित्रांनी ते केले. काळी पार्श्वभूमी, वर टोक केलेला गुलाबी त्रिकोण आणि खाली ‘मौन म्हणजे मृत्यू’ या अर्थाचे शब्द. लाजेने झुकवण्यासाठी दिलेली खूण त्या लोकांनी सुलटी करून स्वतःच्या हाताने मिरवली. या सगळ्यातले एक अक्षरही लेखात नाही.

भाऊ तो बॅज लावून कामावर जायचा. एक दिवस वरिष्ठांनी चारचौघांत सुनावले, असले काही इथे लावायचे नाही. त्याने वाद घातला नाही, बॅज काढला. पुढे काही आठवड्यांनी त्याच्या शर्टांना इस्त्री करताना मला दिसले, खिशाच्या आतल्या बाजूला बारीक भोके पडली होती आणि त्यांच्याभोवती गंजाचा पिवळट डाग होता. एका नव्हे, चारही शर्टांना. बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून तो बॅज खिशाच्या आत टोचून दिवसभर काम करत होता. मी त्याला काही विचारले नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही. त्याला जाऊन १९ वर्षे झाली. काल ते वाक्य वाचले आणि ते शर्ट डोळ्यांपुढून हलेनात.

ज्या कायद्याच्या आधारे तो त्रिकोण शिवला गेला, ते पुरुषांमधील समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे जर्मनीचे कलम १७५ मूळचे १८७१ चे. नाझींनी १९३५ मध्ये ते अधिक कडक केले. आणि युद्ध संपल्यावर? पश्चिम जर्मनीत ते त्याच कडक रूपात १९६९ पर्यंत चालू राहिले आणि कायद्याच्या पुस्तकातून पुरते गेले ते १९९४ मध्ये. छावणीतून सुटलेल्या काहींना उरलेली शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात जावे लागले. अशा माणसाने बाहेर येऊन आपली कहाणी सांगायची तरी कुणाला?

इंद्रधनुषी ध्वजाचेही तेच. ‘इंद्रधनुष्याप्रमाणे यातही सात रंग’ हे वाक्य लिहिणाऱ्याने पट्टे मोजलेले नाहीत. ते सहा आहेत. २५ जून १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत कलाकार गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हाताने रंगवलेला ध्वज पहिल्यांदा फडकला, तेव्हा आठ होते आणि प्रत्येकाला अर्थ होता : लाल म्हणजे जीवन, नारिंगी म्हणजे बरे होणे, पिवळा म्हणजे सूर्यप्रकाश, हिरवा म्हणजे निसर्ग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच शहराचे, आपण समलैंगिक आहोत हे उघडपणे सांगणारे लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क यांची हत्या झाली, ध्वजाला एकदम मागणी आली आणि भडक गुलाबी कापड तेवढे मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन रंग सारखे विभागता यावेत म्हणून फिरोजीही गेला. विशेष म्हणजे, नाझींनी लादलेल्या त्रिकोणाऐवजी आपले स्वतःचे, आनंदाचे चिन्ह असावे, हीच बेकर यांची इच्छा होती. तुमच्या लेखात मात्र ती दोन्ही एकाच ओळीत, ‘प्रेमाची प्रतीके’ म्हणून.

आणखी एक. रंगांवरचा लेख तुम्ही कृष्णधवल पानावर का छापलात? ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या मोनिका हेल्म्स यांनी १९९९ मध्ये केलेल्या ट्रान्सजेंडर ध्वजात फिकट निळा, गुलाबी, मधोमध पांढरा, मग पुन्हा गुलाबी आणि निळा असे पट्टे आहेत. कसाही धरला तरी तो सुलटाच राहतो, ही त्यातली खरी गंमत. तुमच्या पानावर पाचही पट्टे राखाडी दिसतात. त्याच पुरवणीत मोटारगाड्यांची जाहिरात अख्खे पानभर रंगीत आहे.

दुरुस्ती छापावी, ही विनंती. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींची नको. लेख जिथे आला तिथेच, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. छायाचित्र हवे असेल तर भावाचा बॅज माझ्याकडे आहे, फोटो काढून पाठवते. फक्त छापताना त्याचे टोक वर राहील एवढे पाहा.

आपली,
एक नियमित वाचक