बंड्या, पेटी उघडली

नागपूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

बाबा गेले तेव्हा तुझा फोन आला आणि मी दोन वाक्यं बोलून ठेवून दिला. त्याला चार महिने झाले. रागावला असशील. तब्येत ठीक, शुगर गोळीवर आटोक्यात.

बाबांची लोखंडी पेटी उघडली. पीपीएफचं पासबुक निघालं. १५ वर्षांची मुदत संपल्यावर पाच-पाच वर्षांनी दोनदा वाढवलेलं. पोस्टाच्या आरडी, बँकेच्या एफडी, महाल भागातल्या घराची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, सगळं रबर लावून नीट. लाल डायरीत १९८९ ची एक नोंद आहे, ‘बंडूस पंक्चरसाठी उसने ५ रुपये’. ते अजून तुझ्या नावावर आहेत बाप्पा, येशील तेव्हा घेऊन ये.

मृत्युपत्र मात्र नाही. तो शब्द काढला की आई उठून आत जायची, तुला ठाऊकच आहे. साध्या कागदावर लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांच्या सह्या घ्यायच्या. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. एका संध्याकाळचं काम होतं.

एफडीवर नॉमिनी मी, म्हणून बँकेनं १८ लाख माझ्या खात्यात टाकले. काका म्हणाले, नाव तुझं तर पैसे तुझे. वकील म्हणाले, नॉमिनी नुसता सांभाळणारा, मालक वारस. सगळं बाबांनी स्वतः कमावलेलं, तेव्हा आई, ताई आणि मी, तिघांचे सारखे वाटे. मी ताईला सहा लाख पाठवले. दुसऱ्या दिवशी ते माझ्या खात्यात परत! फोनवर म्हणते, “हक्कसोडपत्र कर तयार, मी येऊन सही करते. मला माहेर पाहिजे, वाटा नको.”

तेव्हापासून झोप नाही रे. तुझी बहीण माई हेच म्हणाली होती. तुमच्या ओट्यावर बसून मी तुला सांगितलं, “ती स्वतःहून म्हणते ना, घे सही, विषय संपव.” तू घेतलीस. वर्षभरात माईचं येणं बंद झालं. मग सक्करदऱ्याला आपण भांडलो, तर्री पोहे तसेच टाकून उठलो. तू म्हणालास, “तू सांगितलं म्हणून.” मी म्हटलं, “सही तू घेतली.” तुझंच खरं होतं. सहा लाख देऊन ताई माहेर विकत घेतेय, आणि ते विकणारा मी व्हायचं?

हक्कसोड करणार नाही. वारसनोंदीचा अर्ज तिघांच्या नावानं दिलाय. तिचे सहा लाख वेगळे ठेवलेत. माझंही मृत्युपत्र लिहिलं, पोरगा-पोरगी सारखे. शेजारी आणि आपले डॉक्टर साक्षीदार. बायको आधी रडली, मग स्वतःचं लिहायला बसली. गेल्या नोव्हेंबरपासून बँक खात्याला चौघांपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेही करून आलो. तूही कर.

पिंकीला बंगलोरला नोकरी लागली, कळलं, फार आनंद झाला. गुडघ्याचं लांबवू नको.

माई वर्ध्यालाच असते ना? मला तिच्याकडे जायचं आहे. तो सल्ला माझा होता, हे तिला मीच सांगीन. येत्या रविवारी सोबत येशील?

तुझा,
दिप्या