‘लाइव्ह’ म्हणजे नंतर जुळवलेलंच, असं नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या हार्ड रॉक मैफिलींच्या ध्वनिमुद्रणांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘लाइव्ह’ म्हणून विकल्या गेलेल्या तबकड्यांमध्ये पुष्कळदा नंतर स्टुडिओत भर घातलेली असते, हे लेखातलं म्हणणं बरोबर आहे. पण डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची ‘मेड इन जपान’ही त्याच माळेत ओवली, हे मुळीच पटलं नाही.

हे ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७२ मधलं. १५ आणि १६ तारखेला ओसाकाचं फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुडोकान. तबकडी मुळात जपानी कंपनीला तिथल्या बाजारासाठी हवी होती. आपला ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च बरोबर असेल आणि टेप आधी आम्ही ऐकू, अशा अटी बँडने घातल्या. बँडचा ‘मशीन हेड’ हा अल्बम बर्चनेच मुद्रित केला होता, ‘इन रॉक’च्या मुद्रणातही त्याचा हात होता, त्यामुळे कुठे काय उसळणार हे त्याला ठाऊक होतं. हाताशी ट्रॅक, म्हणजे टेपवरच्या स्वतंत्र पट्ट्या, फक्त आठ. त्यात ड्रम, बास, ऑर्गन, गिटार, गायन आणि श्रोते, सगळं बसवायचं. ड्रमच्या माइकचं मिश्रण जागेवरच ठरवून एक-दोन ट्रॅकवर टाकायचं, की ते पुन्हा सुटं करता येत नाही.

नंतर स्टुडिओत भर घातली नाही, असं बँड सांगत आला आहे. ते खरं का वाटतं, याचं कारण तांत्रिक आहे. ड्रमर इयन पेसच्या झांजांवरचे माइक गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या मार्शल अॅम्प्लिफायरचा आणि मॉनिटरमधून (कलाकारांकडे तोंड केलेल्या रंगमंचावरच्या स्पीकरमधून) येणारा गायक इयन गिलनचा आवाजही टिपतात. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एखादी ओळ नव्याने गाऊन घेतली, तरी जुनी ओळ ड्रमच्या ट्रॅकवर पुसटशी, किंचित उशिराने उरतेच आणि हेडफोनवर भुतासारखी ऐकू येते. इथे तशी एकही जागा सापडत नाही. शिवाय १९९३ मध्ये त्या तीन रात्रींचं बरंचसं मुद्रण तीन सीडींच्या संचात निघालं. शेजारी ठेवून ऐका: एकच गाणं प्रत्येक रात्री वेगळ्या वाटेने जातं. चुका झाकण्यापेक्षा बँडने रात्र निवडली. ‘स्मोक ऑन द वॉटर’ १५ तारखेचं, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोचं, बाकी चार १६ तारखेची. ओसाकाचं पारडं जड आहे, यात नवल नाही. ते संगीतासाठी बांधलेलं सभागृह. बुडोकान १९६४ च्या ऑलिम्पिकमधल्या जुडोसाठी उभं राहिलेलं.

‘गिटार आणि ऑर्गन वेगळे कळत नाहीत’ ही तक्रारही लेखात आहे. बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शलमधूनच वाजवायचा, म्हणून तो असा खरखरीत येतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. तार ओढली की गिटारचा स्वर सरकत वर जातो. ऑर्गनचा स्वर तसा ओढता येत नाही, मात्र पट्टी दाबलेली असेपर्यंत क्षीणही होत नाही. मूळ मिश्रणात ऑर्गन डावीकडे आणि गिटार उजवीकडे आहे. एका स्पीकरचा आवाज बंद करून पाहा, लगेच उलगडा होतो.

‘चाइल्ड इन टाइम’च्या शेवटाला आवाज फाटतो, त्याचा दोष लेखकाने मुद्रणावर टाकला आहे. पण एलपीवर हे गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी, केंद्राजवळ येतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीत काठाशी खाचेचा वेग सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर असतो, आत तो २१ च्या आसपास उतरतो. तेवढ्याच स्वराला निम्म्याहून कमी जागा मिळते आणि घासलेली किंवा वाकडी बसलेली सुई तिथेच अडखळते. कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोन मापपट्टीवर जुळवा, सुईचा भार निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवा, मग मत बनवा.

आवृत्ती निवडताना हेच गाणं कामी येतं. सुरुवातीचा ऑर्गन हळू वाजतो. तो नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवा आणि गिलनच्या किंकाळ्यांपर्यंत बटणाला हात लावू नका. खरी आवृत्ती तिथे दचकवते. सुरुवात आणि किंकाळी जवळपास सारख्याच पातळीवर आली, तर ती प्रत नंतर हळू-मोठ्यातला फरक दाबून ‘जोरदार’ केलेली आहे. ती घेऊ नये. दोन प्रतींची तुलना करताना मोठी वाजणारी आधी खाली आणावी, नाहीतर कान तिलाच झुकतं माप देतो.

लेखमालेच्या पुढच्या भागांत प्रत्येक तबकडीसोबत मैफिलीची तारीख, सभागृह, मिश्रण मूळचं की नवं आणि लेखकाने ऐकलेल्या आवृत्तीचं वर्ष छापावं, ही विनंती.

कळावे,
एक वाचक