पोळा ते होळी अंडी उबवा, अन् पिल्लांना लस सगळ्यांनी एकाच दिवशी द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपला पेपर आमच्या गावात घरोघरी वाचला जातो म्हणून हे पत्र लिहिते आहे, थोडं लांब झालंय पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती. विषय घरी अंडी उबवण्याचा आहे. सध्या आमच्या चोपडा, यावल, शिरपूर भागात मोबाईलवर व्हिडिओ बघून घरगुती इन्क्युबेटर घ्यायची नाहीतर थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा फॅन अन् थर्मोस्टॅट बसवून घरीच बनवायची लाट आली आहे, बचत गटातल्या बायका पण घेतात, शाळा सुटलेली पोरं पण करतात, अन् करायलाच पाहिजे, गावठी कोंबडीला अन् गावठी अंड्याला आज जो भाव आहे तो बघता घरच्या घरी पिल्लं काढणं हे बाईमाणसाच्या हातात थेट पैसा देणारं काम आहे. पण त्या व्हिडिओत जे सांगतात ते पुण्याकडचं नाहीतर केरळातलं असतं, आपल्या खान्देशच्या उन्हाचं कोणीच सांगत नाही, म्हणून मशीन कपाटावर जाऊन पडते.

साधी गोष्ट आहे. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात अन् फॅनवाल्या मशीनमध्ये तापमान ३७.५ ते ३७.८ डिग्री लागतं, म्हणजे जुन्या थर्मामीटरवर ९९.५ ते १०० फॅरनहाइट. आता थर्मोस्टॅट काय करतो, गरम झालं की बल्ब बंद करतो, बस. तो खोकं थंड करू शकत नाही. मे महिन्यात भुसावळ जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात दुपारी काय होत असेल ते प्रत्येकाला माहीत आहे, मग बल्ब बंद असून पण खोक्यातलं तापमान ४० च्या वर चढतं अन् आतली पिल्लं मरतात, अन् बाईला वाटतं अंडीच खराब होती. खरं तर थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते. लाईट तासभर गेली अन् अंडी थोडी गार झाली तर पिल्लू सहसा तग धरतं, खुडूक कोंबडी पण रोज दाणापाण्याला उठतेच ना, तेव्हा अंडी उघडीच असतात. म्हणून थंडीत लाईट गेली तर खोकं अजिबात उघडू नका, वरून गोधडी टाका अन् शांत बसा. उन्हाळ्यात मात्र उलटं, झाकण किलकिलं करून वारा लागू द्या. आमच्याकडे लाईट गेली की "आते काय करानं व माय" म्हणून शेजारणी धावत येतात अन् पहिलं काम काय करतात तर झाकण उघडून अंडी हातात घेऊन बघतात, हेच करायचं नसतं.

त्याच्या आधीची गोष्ट तर कोणीच बोलत नाही. अंडं मशीनमध्ये ठेवायच्या आधीच उन्हाळ्यात बिघडतं. साधारण २०-२१ डिग्रीच्या खाली अंड्यातला जीव झोपलेला राहतो, त्याच्या बऱ्याच वर गेलं की अर्धवट वाढ सुरू होते, परत थांबते, परत सुरू होते, अन् असं अंडं नंतर मशीनमध्ये ठेवलं तरी तिसऱ्या चौथ्या दिवशीच संपतं. मग उजेडावर धरलं की आत रक्ताची गोल रेघ दिसते. आठ दहा अंडी जमेपर्यंत एप्रिल मे मध्ये घरात ३८-४० डिग्रीत पडलेली अंडी उबवणं म्हणजे नुसती मेहनत वाया. फ्रिजमध्ये पण ठेवू नका, तिथली थंडी फार होते. ओल्या वाळूत ठेवलेला माठ, आत कोरडा कपडा, त्यात अंडी अन् तोंडावर ओलं फडकं, हे आमच्या भागात चांगलं चालतं, अन् तरी आठवड्याच्या वर साठवू नये. अंडी धुवायची नाहीत, धुतली की वरचा नैसर्गिक थर जातो अन् जंतू आत शिरतात. टोकाची बाजू खाली ठेवायची. अन् दुकानातली फार्मची पांढरी अंडी आणून ठेवणारे पण मी बघितलेत, त्या फार्मवर कोंबडाच नसतो तर पिल्लू कुठून येणार, कोणीतरी हे पेपरात एकदा मोठ्या अक्षरात छापा. तसंच टोकदार अंड्यातून कोंबडा अन् गोल अंड्यातून कोंबडी निघते असं बाजारात सांगतात त्याला पण काही अर्थ नाही.

दुसरी खान्देशची अडचण कोरड्या हवेची. पहिले १८ दिवस मशीनमध्ये ५० ते ५५ टक्के ओलावा लागतो, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. फाल्गुनातच आपल्याकडचा वारा एवढा कोरडा असतो की एका वाटीभर पाण्याने काही होत नाही, पसरट ताटात पाणी अन् त्यात स्पंजचा तुकडा किंवा सुती फडकं ठेवावं लागतं. ओलावा कमी पडला की अंड्यातलं पाणी जास्त उडतं, पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटतं, चोच मारून थकतं अन् तिथंच मरतं. अन् श्रावणात, झडी लागली की उलटं, तेव्हा पहिल्या १८ दिवसात पाणी ठेवायची गरजच पडत नाही बऱ्याचदा, जास्त ओलाव्याने पिल्लू फुगतं अन् आत बुडाल्यासारखं होतं. ओलावा मोजायचे मीटर स्वस्तातले असतात अन् खोटं दाखवतात, म्हणून माझा भरवसा वजनावर. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के कमी व्हायला पाहिजे, म्हणजे ४५ ग्रॅमचं गावठी अंडं असेल तर साडेपाच सहा ग्रॅम. एकेक मोजायची गरज नाही, पूर्ण ट्रे काट्यावर ठेवा अन् वहीत लिहा. तापमानाचं पण तसंच, मशीनच्या आकड्यावर जाऊ नका, ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आत अंड्याजवळ ठेवून ताळा करून बघा.

दिवसातून निदान तीन ते पाच वेळा अंडी फिरवायची, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं, अन् अठराव्या दिवशी फिरवणं बंद करून झाकण लावलं की मग ते उघडायचं नाही. एकविसाव्या दिवशी घरातली सगळी पोरं मशीनभोवती जमतात, मला माहीत आहे, पण दर दहा मिनिटांनी उघडलं की ओलावा उडतो. पहिलं भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास घेतं, त्या वेळात ते कवचाच्या आतल्या नसांमधलं रक्त अन् पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं, आपण मदत म्हणून कवच सोललं तर रक्त वाहतं. बाहेर आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस काढू शकतं म्हणून लगेच चारा पाण्याची घाई नाही, वाळू द्या. अन् खाली गुळगुळीत पेपर अंथरू नका, पाय फाकतात अन् कधी कधी कायमचे तसेच राहतात, तागाचं पोतं किंवा खरबरीत कपडा बरा. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ डिग्री ऊब, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी.

ज्याच्याकडे खुडूक गावठी कोंबडी आहे त्याने मशीनच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टोपलीत ओलसर वाळू, वर भुसा, १०-१२ अंडी अन् कोंबडी, हे यंत्र लाईटवर चालत नाही अन् पिल्लांना चरायला पण तीच शिकवते. मशीन कोणाला लागते, ज्यांच्याकडे गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती आहेत त्यांना, कारण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. पण त्यांना पण एक सांगायला पाहिजे की या जाती संकरातून तयार केलेल्या आहेत, घरच्या अंड्यातून पुढची पिढी काढली की ती वजनाला अन् अंड्याला पहिल्यासारखी राहत नाही. विकणारे हे सांगत नाहीत.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले. पिल्लं निघणं हे अर्धंच काम आहे. आपल्याकडे गावठी कोंबड्या मरतात त्या मानमोडीने, म्हणजे राणीखेतने, एका आठवड्यात अख्खी गल्ली साफ होते. याची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, मग साधारण चौदाव्या दिवशी गंबोरोची, हा पिल्लांचा दुसरा आजार, अन् सहा ते आठ आठवड्याला आरटूबी, म्हणजे राणीखेतचीच पुढची लस, टोचायची. लस महाग नाहीच. अडचण अशी की बाटली शंभर किंवा जास्त डोसची येते, बर्फावर २ ते ८ डिग्रीत आणावी लागते अन् एकदा कालवली की दोन तासात संपवावी लागते. वीस पिल्लं असलेल्या बाईने काय करायचं? गुरांच्या दवाखान्यात गेलं की पक्षी किती असं विचारतात, वीस म्हटलं की पुढे बोलणं होत नाही, अन् एका अर्थी त्यांचं पण बरोबर आहे, वीस पिल्लांसाठी बाटली कशी फोडणार. मग लस होतच नाही, अन् मानमोडी आली की सगळं जातं, अन् पुढच्या वर्षी ती बाई अंडी ठेवत नाही.

याला उपाय आपल्याच हातात आहे. गावातल्या सगळ्यांनी अंडी एकाच दिवशी ठेवायची. मशीन असो की कोंबडी, एका ठरलेल्या वारी ठेवली तर २१ दिवसांनी सगळ्या गावात पिल्लं बरोबरच निघतात, अन् सातव्या दिवशी शंभर दीडशे पिल्लांना एक बाटली पुरते, एका सकाळी ऊन चढायच्या आत काम होतं. बाटलीचा खर्च वाटून घेतला तर माणशी चहाच्या पैशात पडतो. आमच्या गल्लीत बायकांनी हे करून बघितलं आहे अन् पिल्लं टिकली आहेत. बदकाची अंडी २८ दिवस घेतात, ती ज्यांनी ठेवली असतील त्यांनी आठवडाभर आधी ठेवावी, म्हणजे सगळी पिल्लं त्याच दिवशी हाताला येतात.

अन् हे सगळं पोळ्यानंतर सुरू करून होळीपर्यंत. होळीच्या आधीचे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरायला लागले की नवीन अंडी ठेवणं थांबवा, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मशीन बंदच पाहिजे. धुळ्याकडे डिसेंबर जानेवारीत रात्री पारा सात आठवर येतो, पण ती थंडी गोधडीने अन् बल्बने सांभाळता येते.

नवापूर आपल्या खान्देशातलंच आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथंच निघाला, २०२१ ला परत आला, अन् तेव्हा मोठ्या फार्मबरोबर गरिबांच्या परसातल्या कोंबड्या पण गेल्या. म्हणून उबवायची अंडी अनोळखी ठिकाणाहून पार्सलने मागवू नका, गावातल्याच निरोगी कोंबड्यांची घ्या, मेलेली पिल्लं अन् न फुटलेली अंडी उकिरड्यावर न टाकता खोल पुरा, अन् एकदम जास्त कोंबड्या मेल्या तर लपवू नका, दवाखान्यात कळवा.

संपादक साहेब, आपल्याला विनंती अशी की पेपरात हवामान अन् बाजारभाव छापता तिथंच एका कोपऱ्यात पोळ्यापासून पुढे तालुक्याप्रमाणे "अंडी ठेवायचा वार" अन् त्यावरून येणारी लसीची तारीख छापावी. आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी छापली तर बायका बाजारातच एकमेकींना सांगतील. पाल, धुळे अन् नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रांनी त्या तारखांना प्रत्येक बाजारगावात लसीचा डबा अन् एक माणूस पाठवला तर अजून चांगलं. पहिली तारीख आमच्या भागासाठी पोळ्यानंतरचा पहिला बुधवार धरावी असं मला सुचवायचं आहे, तोवर पाऊस थोडा उघडतो अन् पिल्लांच्या पहिल्या दोन लसी दिवाळीच्या आत होतात.

आपली नम्र,
एक वाचक, महिला बचत गट सदस्य
ता. चोपडा, जि. जळगाव