डबा बनतोच, माल आत गेला का ते बघ

पुसद, १८ एप्रिल

प्रिय दिलीप,

तुझं पत्र मिळालं. एमएस्सीची पोरं ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या जिवाणूच्या पोटात कार्बोक्सिझोम, म्हणजे रुबिस्को (कार्बन डायऑक्साइड पकडणारं प्रथिन) ठेवायचा काही जिवाणूंचा प्रथिनांचा डबा, बांधायचं म्हणून राहिली आहेत, हे वाचून बरंही वाटलं अन् धास्तीही. तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या फटक्यात हे नको, बाप्पा. हॅलोथायोबॅसिलस या जिवाणूचा कार्बोक्सिझोम २०१२ साली ई. कोलायमध्ये उभा झाला, हे खरं. पण तिथे दहाएक जनुकं लागतात अन् त्यांचं आपसातलं प्रमाण जुळावं लागतं. भिंतीचं षटकोनी प्रथिन एकटंच जास्त झालं, तर डब्याऐवजी नळ्या किंवा पत्रे तयार होतात. मग पोरं सहा महिने त्या नळ्यांचेच फोटो काढत बसतील.

त्यापेक्षा एनकॅप्सुलिन घ्या, तोही जिवाणूंचाच प्रथिनांचा डबा. भिंत एकाच प्रथिनाची, जनुक एकच, सुमारे ८०० बेसचं. थर्मोटोगा मॅरिटिमा या गरम पाण्यातल्या जिवाणूचं एनकॅप्सुलिन तुमच्यासाठी उत्तम. त्याची रचना २००८ साली उलगडली. ३१ किलोडाल्टनची ६० प्रथिनं आपोआप जुळतात आणि साधारण २४ नॅनोमीटरचा पोकळ गोळा बनतो. मिक्सोकॉकस या दुसऱ्या जिवाणूचा गोळा १८० प्रथिनांचा, ३२ नॅनोमीटरचा. फुटबॉलच्या शिवणीत असतात तसे १२ पंचकोन आणि २० षटकोन. थर्मोटोगाच्यात नुसते १२ पंचकोन, म्हणून तो लहान आणि बिनचूक बनतो.

जे प्रथिन आत भरायचं, म्हणजे माल, त्याच्या शेवटी, म्हणजे सी-टोकाला, भिंतीला आतून धरणारी एक छोटी शेपटी जोडायची. थर्मोटोगाच्या स्वतःच्या फेरिटिनसारख्या प्रथिनाची शेवटची पंधराएक अमिनो आम्लं पुरतात. मध्ये ग्लायसिन-सेरीनचा दहाएक आम्लांचा लवचीक जोड ठेवा, नाहीतर शेपटी प्रथिनाच्याच अंगाला दबून राहते. मालासाठी सुपरफोल्डर जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन घ्या, डोळ्यांना दिसतं. त्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे एन-टोकाला सहा हिस्टिडीन (हेही अमिनो आम्लच) लावा. का, ते पुढे येईल.

दोन प्लाझमिड, म्हणजे जनुक वाहणारी डीएनएची कडी, लागतील आणि इथेच पहिली गोची आहे. भिंत पीईटी-२८ मध्ये, कॅनामायसिन या अँटिबायोटिकवर. माल पीबॅड-३३ मध्ये, क्लोरॅम्फेनिकॉलवर. दोघांचे ओरिजिन (प्लाझमिडची नक्कल सुरू होते ती जागा) वेगळे असल्याने ते एका पेशीत नांदतात. दोन्ही पीईटी घेतले तर काही पिढ्यांत एक हाकललं जातं. पीईटी-२८ मध्ये भिंतीचं जनुक एनको-वन या एन्झाइमच्या कापायच्या जागी घाला. एनडीई-वनला घातलं तर हिस्टिडीनची शेपटी भिंतीच्या एन-टोकाला चिकटते. ते टोक गोळ्याच्या आतल्या बाजूला असतं, म्हणजे शेपटी मालाच्या जागेत घुसणार. भिंतीला काहीच जोडू नका.

वाढवायची रीत साधीच. ५ मिली रात्रभराचं कल्चर ५०० मिली एलबी माध्यमात घाला, ३७ अंशावर ओडी (गढूळपणाचं माप) ०.६ येऊ द्या. मग तापमान २२ वर आणून आधी ०.१ टक्का अरॅबिनोज घाला, त्याने माल बनू लागतो, आणि ४५ मिनिटांनी ०.२ मिलिमोलर आयपीटीजी, त्याने भिंत. क्रम उलटवू नका. भिंत आधी तयार झाली की गोळे रिकामेच बंद होतात, आणि बंद गोळ्यात नंतर माल शिरत नाही. त्याची छिद्रं अगदी लहान असतात. माध्यमात ग्लुकोज नको, त्याने अरॅबिनोजचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) दबतो.

रात्री लाइन गेली आणि शेकर थांबला, तर सकाळी कल्चर हिरवं दिसणार नाही. घाबरू नका. जीएफपीला चमक यायला ऑक्सिजन लागतो. पुन्हा तास-दोन तास हलवलं की रंग चढतो. पण शेकरचं कूलिंग बंद पडून कल्चर चाळिशीला गेलं असेल तर मात्र ते फेकून द्या. प्रथिन गाठी होऊन खाली बसलेलं असतं.

पेशी खाली बसवून २५ मिली बफरमध्ये घ्या: २० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, ३०० मिलिमोलर मीठ, १ मिग्रॅ प्रति मिली लायसोझाइम, थोडं डीएनेझ. बर्फावर सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी पेशी फोडा), ५ सेकंद चालू, १० सेकंद बंद. गाळ काढा. नंतर ६५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये २० मिनिटं ठेवा. ई. कोलायची बहुतेक प्रथिनं दह्यासारखी फाटतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये खाली जातात, थर्मोटोगाचा गोळा वर द्रावणात राहतो. महागड्या मशीनशिवाय इतकी सफाई दुसऱ्या कशाने होत नाही. मग गोळे खाली बसवायला वरच्या द्रावणात १० टक्के पीईजी-८००० आणि मीठ अर्ध्या मोलरपर्यंत, अर्धा तास बर्फावर, मग ८००० जीवर फिरवा. तो गाळ २ मिली बफरमध्ये हळूहळू विरघळू द्या. व्होर्टेक्स करू नका, फेस आला की प्रथिन गेलं.

आता खरी अडचण. एवढं केल्यावर नळी हिरवीगार दिसेल आणि पोरं नाचतील. पण सुपरफोल्डर जीएफपी मोकळं असलं तरी ६५ अंश सहज सोसतं. म्हणजे ही हिरवी नळी कशाचाच पुरावा नाही. ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने कापून बघायचं कोणी सुचवेल, तेही फसवतं, कारण जीएफपी मोकळं असूनही ट्रिप्सिनला दाद देत नाही. म्हणून ते हिस्टिडीन. द्रावण निकेलच्या रेझिनवरून सोडा, हिस्टिडीन निकेलला चिकटतात. मोकळा किंवा बाहेर चिकटलेला माल रेझिनला धरून बसतो. आत बंद असलेला वाहून खाली येतो, कारण त्याचे हिस्टिडीनही आतच आहेत.

खाली आलेलं १ टक्का अगारोजच्या जेलवर चालवा. एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबण) नाही, उकळणं नाही. आधी निळ्या प्रकाशात फोटो, मग तेच जेल प्रथिनं निळी करणाऱ्या कूमासीने रंगवा. हिरवा पट्टा आणि निळा पट्टा एकाच जागी आले, तर बोला. चमक जेलच्या विहिरीतच (नमुना भरतो त्या खाचेत) अडकून असेल तर तो गोळा नाही, गाठ आहे. शेजारच्या लेनमध्ये हे हवेतच: नुसती भिंत, शेपटीचं जीएफपी भिंतीविना, आणि भिंतीसोबत बिनशेपटीचं जीएफपी. ही शेवटची लेन लोक गाळतात, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

जेल फिल्ट्रेशन, म्हणजे आकारावरून प्रथिनं वेगळी करणं, करायचं असेल तर सेफाक्रिल एस-४०० मागवा. एस-३०० मध्ये एवढा मोठा गोळा आणि गाठी दोन्ही सोबतच बाहेर पडतात, वेगळं काहीच होत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी मुंबईच्या आयआयटीत बाहेरच्या संस्थांना सोय आहे, पण जेल स्वच्छ आल्याशिवाय नमुना पाठवू नका.

आणि एक. जनुकं जोडायचं काम आहे, तर १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी. वापरलेलं कल्चर १२१ अंशावर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय मोरीत जाता कामा नये. बीटीमुळे आपल्याकडे या विषयाला आधीच कान टवकारलेले असतात.

गावात कोणी विचारलंच की याने कपाशीला काय फायदा, तर खरं ते सांग. कपाशी, तूर, सोयाबीन यांचं रुबिस्को उन्हाच्या तडाख्यात कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडायची चूक जास्त करत जातं. ज्वारीने त्यावर स्वतःची सोय केली आहे. रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवणारा कार्बोक्सिझोम पिकात बसवायचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत, तंबाखूच्या पानात भिंत उभीही झाली. पण नुसत्या डब्याने भागत नाही, बायकार्बोनेट आत ओढणारे पंपही लागतात. वावरात यायला वेळ आहे.

जनुकांची ऑर्डर देण्याआधी दोन्ही क्रम मला पाठव. जीएफपीच्या शेवटी, शेपटीच्या आधी असलेला स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) काढायचा हमखास राहून जातो.

तुझा,
विनायक